आधी फोन, मग टॅब : चित्रकाराच्या ॲपचा जमाखर्च

परभणी जिल्ह्यात रंगाशी रोजचा संबंध असलेली माणसं साधारण तीन प्रकारची. शाळेत कला शिकवून सुट्टीत स्वतःचं काम करणारे शिक्षक, पाट्या आणि शाळांच्या बोलक्या भिंती रंगवून घर चालवणारे पेंटर, आणि नोकरी किंवा शेती सांभाळून जलरंगात मन रमवणारे हौशी. तिघांकडूनही हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : टॅब घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचं चित्र शेवटी कागदावर, कॅनव्हासवर किंवा भिंतीवर उतरणार आहे, त्याला टॅब लागत नाही. खिशातला फोन आणि फुकटची दोन-तीन ॲप एवढ्यात त्याचं भागतं. उरलेला पैसा चांगल्या कागदात घालावा. ज्याला डिजिटल चित्रच विकायचं आहे, म्हणजे मुखपृष्ठ, बालपुस्तकातली चित्रं, पत्रिका, त्याचा हिशेब वेगळा. तोही पुढे येईल.

ॲप वापरलं की चित्र ‘खरं’ राहत नाही, ही शंका ज्येष्ठ मंडळी काढतात. राजा रविवर्मा छायाचित्रांचा आधार घेत असत, हे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईत १८९४ साली छापखाना काढून आपली चित्रं घरोघरी पोचवणाऱ्या त्या माणसाला यंत्राचं वावडं नव्हतं. इंग्लंडच्या डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर आधी आयफोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर चित्रं काढली, वोल्डगेटच्या रस्त्यावरचा २०११चा वसंत आयपॅडवर उतरवला, पण रंग आणि कुंचला सोडला नाही. तेव्हा हा वाद बाजूला ठेवून खर्चाकडे वळू.

शून्य रुपयांत काय होतं?

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव चितारायची आहे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, अर्ध्या उन्हात आणि अर्ध्या सावलीत. जागेवर बसून स्केच करावंच, त्याला तोड नाही. पण ऊन सरकतं, सावली तासाभरात दुसरीकडे जाते, म्हणून फोटोही काढून ठेवायचा. फोनची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. जवळून फोटो घेतला तर पुढच्या पायऱ्या फुगतात आणि तळ नको इतका दूर जातो. मागे सरकायला जागा असेल तर चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर घ्या. दुसरा घोटाळा सावलीचा. फोन सावली एक तर काळीठिक्कर करतो, नाहीतर स्वतःच्या अकलेनं उजळून सपाट करतो. म्हणून एक फोटो उन्हावर बोट ठेवून आणि एक सावलीवर बोट ठेवून, असे दोन घ्यावेत. रंग लावताना दोन्ही समोर असू द्यावेत.

घरी आल्यावर स्नॅपसीड उघडायचं. गुगलचं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोटो कृष्णधवल केला की चित्राचा सांगाडा दिसतो. रंगात वेगळे वाटणारे दोन भाग, समजा पिवळसर दगड आणि त्यामागची हिरवी झुडपं, करड्या छटेत एकजीव होऊन गेले, तर रंगवल्यावरही तिथं चित्र मऊच पडणार. सवय म्हणून सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’चा फोटो असाच कृष्णधवल करून पाहा. दिव्याचा उजेड रंगाआधी टोननं कसा बांधला आहे, ते पाच मिनिटांत कळतं. मूळ जलरंगचित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे.

मग आयबिस पेंट, स्केचबुक किंवा मेडिबँग यांपैकी कुठलंही एक ॲप. फोटो खालच्या लेअरवर ठेवून फिका करायचा, वर नवा लेअर घ्यायचा आणि बोटानंच तीन टोन भरायचे : पांढरा, मधला करडा, काळा. तपशील नाही, पायऱ्यांच्या रेघा नाहीत. हाच फोटो उभा, आडवा आणि चौकोनी कापून तीन वेळा करायचा. वहीत तीन टोन-स्केचला जेवढा वेळ जातो, त्याच्या पाव वेळात हे होतं आणि कुठली मांडणी फसणार ते हाफ शीट ओली करण्याआधी समजतं. चित्रकाराला ॲपचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

कागदावर नेताना ग्राफ टाकायचा असेल तर त्याचीही फुकट ॲप आहेत. पाव शीट १५ बाय ११ इंचांची. फोटो १५:११ या प्रमाणात कापून १५ उभे आणि ११ आडवे रकाने पाडले की एक रकाना म्हणजे एक इंच. फोनचा फोटो ४:३ असतो, म्हणजे कापावा लागतो तो जेमतेम काठ. पेंटर मंडळींना हे शिकवायला नको. दहा बाय सहा फुटांच्या भिंतीवर निळीत बुडवलेल्या दोरीनं सूत मारून फूटभराचे रकाने पाडणं त्यांच्या हातात असतं. फरक इतकाच की मूळ चित्रावर पेन्सिलीनं रेघा मारून ते खराब करावं लागत नाही.

भिंतीसाठी छोटा प्रोजेक्टर घ्यावा का, असंही विचारतात. सहा ते दहा हजारांत मिळणारा प्रोजेक्टर दिवसा भिंतीवर दिसतच नाही. खेड्यातल्या शाळेत रात्री थांबायचं, वीज असेल याची खात्री करायची, मग आकृती उतरवायची. वर्षाला चार-पाच मोठ्या भिंती नसतील तर दोरी आणि नीळच परवडते.

रंगाच्या बाबतीत मात्र ॲप फसवतं, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. स्क्रीनचा रंग म्हणजे प्रकाश. बहुतेक ॲपमध्ये निळा आणि पिवळा एकमेकांत ओढले तर मळकट करडा तयार होतो. पॅलेटवर तेच दोन रंग हिरवा देतात. रंगद्रव्यासारखं मिसळणारी सोयही निघाली आहे. रिबेल नावाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या प्रो आवृत्तीत ती आहे, पण तो विकत घ्यावा लागतो आणि जुन्या संगणकाला झेपत नाही. त्यावर फुकटचा तोडगा असा : आपल्याकडच्या सगळ्या ट्यूबचे ठिपके एका कागदावर लावा. प्रत्येकाचा एक दाट, एक पातळ. दिवसाउजेडी सावलीत त्याचा फोटो घ्या आणि तो ॲपमध्ये एका कोपऱ्यात लेअर म्हणून ठेवा. रंग उचलायचा तो फक्त त्याच कागदावरून. मग स्क्रीनवर दिसणारा चमकता पोपटी, जो कॅमलच्या कुठल्याच ट्यूबमधून निघणार नाही, मोहात पाडत नाही.

‘फुकट’चे प्रकार

क्रिटा हे संगणकावरचं उत्तम चित्र-ॲप पूर्ण मोफत आहे, तेही कायदेशीर. तरी लोक त्याला पैसे देतात, कारण विंडोजच्या स्टोअरमध्ये आणि स्टीमवर तेच क्रिटा किंमत लावून ठेवलेलं असतं. तो पैसा क्रिटाच्याच कामाला जातो, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. पण फुकट हवं असेल तर क्रिटाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं.

आयबिस फुकट आहे, पण जाहिरातींवर चालतं. काही ब्रश वापरायचे तर जाहिरातीचा व्हिडिओ पाहावा लागतो. जाहिराती कायमच्या बंद करायला एकदाच पैसे भरायची सोय आहे आणि दर महिन्याचं सदस्यत्वही आहे. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात. घाईत बोट भलतीकडे पडतं, म्हणून ‘एकदाच’ असं लिहिलेलंच निवडा. स्केचबुक आधी ऑटोडेस्कचं होतं, २०२१ पासून वेगळ्या कंपनीचं झालं. त्याचं फुकट रूप रोजच्या स्केचला पुरेसं आहे. ॲडोबीच्या फ्रेस्कोमधल्या काही सोयी पूर्वी सशुल्क होत्या, ऑक्टोबर २०२४ पासून ते पूर्ण मोफत झालं. त्यातला जलरंग ओल्या कागदावर पसरल्यासारखा पसरतो, बघायला मजा येते. मात्र ते अँड्रॉइडवर नाही, आयपॅड, आयफोन आणि विंडोजवर आहे.

प्रोक्रिएटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते फक्त आयपॅडवर चालतं (आयफोनसाठी त्याचं धाकटं भावंड वेगळं). अमेरिकेत किंमत १२.९९ डॉलर, आपल्याकडे हजार ते दीड हजाराच्या दरम्यान, आणि ते एकदाच. महिन्याचं भाडं नाही, म्हणून मला हे ॲप आवडतं. पण ‘प्रोक्रिएट’ नावाशी साम्य असलेली, तसंच चिन्ह मिरवणारी ॲप अँड्रॉइडच्या स्टोअरमध्ये दिसतात. त्यांचा मूळ कंपनीशी संबंध नाही.

सगळ्यात महाग पडतात ती ‘फोनमधून पाहा आणि कागदावर गिरवा’ छापाची ॲप. फोन पेल्यावर आडवा ठेवायचा, कॅमेऱ्यातून कागदावर चित्र तरंगताना दिसतं, ते गिरवायचं. तीन दिवस फुकट, मग आठवड्याचं भाडं. आठवड्याचा आकडा दिसला की ५२ने गुणावं. आठवड्याला १९९ म्हणजे वर्षाला १०,३४८ रुपये. एवढ्यात चांगल्या कागदाचा गठ्ठा येतो, आणि गिरवून हात तयार होत नाही तो नाहीच.

पेन, पाटी, टॅब

बाजारात शंभर-दोनशे रुपयांना रबरी टोकाचा स्टायलस मिळतो. तो म्हणजे बोटाला पर्याय, बाकी काही नाही. दाब कमी-जास्त केला म्हणून रेघ बारीक-जाड होत नाही. आयपॅडसाठी दीड ते तीन हजारांत मिळणाऱ्या इतर कंपन्यांच्या बहुतेक पेन्सिलींचंही तेच. तिरकी धरली तर छटा बदलते, तळहात टेकला तरी चालतो, पण दाब कळत नाही.

घरी जुना का होईना संगणक असेल तर सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ मार्ग म्हणजे पेन टॅब्लेट. स्क्रीन नसलेली काळी पाटी, सोबत पेन. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांच्या लहान पाट्या दोन ते चार हजारांत येतात. पेनाला सेल नाही, चार्जिंग नाही, दाब नीट कळतो. अडचण एवढीच की हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर. सुरुवातीला रेघ भरकटते, पण सराव झाला की मेळ बसतो. सोबत क्रिटा फुकट. मुखपृष्ठं करायला एवढं पुरतं.

त्यापुढची पायरी २० ते ३० हजारांची. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसारख्या टॅबबरोबर एस-पेन डब्यातच येतो आणि त्याला दाब कळतो. पेन वेगळा घ्यावा लागत नाही, हे किमतीची तुलना करताना विसरू नये. साठा मोठा हवा, रॅमही. कमी रॅमच्या टॅबवर छपाईच्या मापाचं मोठं चित्र घेतलं की ॲप मोजकेच लेअर देतं, आणि हे दुकानदार सांगत नाही. दुकानातच टॅबवर ए-३ मापाची, ३०० डीपीआयची, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची कोरी फाइल उघडून किती लेअर मिळतात ते बघावं.

आयपॅडचा हिशेब असा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडची सुरुवातीची किंमत ३४,९०० रुपये. त्याला दोन पेन्सिली चालतात आणि इथं बरेच जण फसतात. यूएसबी-सी असलेली पेन्सिल स्वस्त आहे, पण तिला दाब कळत नाही. टिपणं लिहायला ठीक, चित्राला नाही. पहिल्या पिढीची जुनी दिसणारी पेन्सिल महाग, साडेनऊ हजारांच्या आसपास, पण दाब तिलाच कळतो. तिला जोडायला छोटा अडॅप्टर लागतो. नव्या पेन्सिलीच्या डब्यात तो असतो, वापरलेली घेताना मागून घ्यावा. आयपॅड, पेन्सिल, प्रोक्रिएट, कव्हर आणि काचेवरची खरखरीत फिल्म मिळून ४८ हजारांच्या घरात. चार वर्षं वापरला तर महिना एक हजार. तुमच्या महिन्याच्या डिजिटल कामातून हजार रुपये सहज सुटत असतील तर घ्या, नाहीतर थांबा.

वापरलेला टॅब घेणार असाल तर दोन गोष्टी. एक, कोरं पान उघडून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अगदी सावकाश तिरक्या रेघा ओढा. रेघ पायऱ्यापायऱ्यांची झाली किंवा मध्येच तुटली तर काच बदललेली असण्याची शक्यता असते. दोन, आयपॅड असेल तर विकणाऱ्याला तिथंच त्याच्या खात्यातून बाहेर पडायला लावा. नाहीतर लॉक झालेली पाटी घरी येईल. नवा घेताना जीएसटीचं बिल आणि दुरुस्ती कुठं होईल याची चौकशी. अधिकृत केंद्र परभणीत आहे की नांदेडला जावं लागेल, ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात प्रोसेसिंगची रक्कम आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही बेरजेत धरावा.

आपल्या उन्हाचं काय? ॲपलच्या कागदपत्रांत आयपॅड वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं आहे. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. चारठाण्याच्या दीपमाळेसमोर दुपारी टॅब काढून बसलात तर आधी पडदा मंद होईल, मग तापमानाची सूचना देऊन बंद पडेल. शिवाय भर उन्हात चकचकीत काचेवर दिसतं ते आपलंच तोंड. कागदाला यातलं काही होत नाही.

‘पोराला टॅब घेऊन दिला तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला फायदा होईल का?’ हा पालकांचा प्रश्न. नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं कागदावरच असतं. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी करायचंच असेल तर वॉटर कलरचा डबा आणि रोज अर्धा तास.

पेंटरचा फायदा कुठं?

धंदा म्हणून भिंती रंगवणाऱ्याला ॲप खरोखर पैसे मिळवून देतं ते एकाच ठिकाणी : काम सुरू करण्याआधी. शाळेच्या भिंतीचा समोरून फोटो घ्या, त्यावर आपलं डिझाइन लेअर म्हणून बसवा, खिडक्या-दारं मोकळी सोडा आणि मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना दाखवा. ‘इथं सावित्रीबाईंचं चित्र मोठं घ्या’, ‘पाढे डाव्या बाजूला’, ‘हा निळा जास्त भडक वाटतोय’ हे सगळं भिंतीवर रंग चढण्याआधी निघतं. एक भिंत पांढरी मारून पुन्हा रंगवायला दोन दिवसांची मजुरी आणि रंगाचा डबा जातो. फोनवर तेच दहा मिनिटांत होतं.

पण फोनवर सोपं झालं की गिऱ्हाईकही सैल होतं. व्हॉट्सॲपवर ‘फक्त रंग बदलून बघा ना’ असे निरोप येत राहतात. म्हणून दर ठरवतानाच बोलून घ्यावं : दोन बदल दरात धरलेले, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि नमुना दाखवण्याआधी थोडी आगाऊ रक्कम. नमुना पाठवताना लहान मापाचा, आडवं आपलं नाव टाकलेला पाठवा. मोठी स्वच्छ फाइल हाती पडली की ती घेऊन गिऱ्हाईक सरळ फ्लेक्सवाल्याकडे जातं, आणि मग आपण डिझाइन फुकट केलेलं असतं.

स्वतः छापून विकायचं असेल तर छपाईचा खर्च ॲपपेक्षा कितीतरी जास्त असतो. फाइल सुरुवातीपासून छपाईच्या मापाची घ्या, छोटी फाइल नंतर ताणली की कडा फाटतात. फ्लेक्स, व्हिनाइल, कॅनव्हास आणि आर्ट पेपर यांचा दर चौरस फुटाला वेगवेगळा. तो गावागणिक बदलतो, म्हणून दोन दुकानांत विचारावा. पूर्ण छापण्याआधी चित्राच्या हातभर तुकड्याची चाचणी मागा. स्क्रीनवरचा निळा आणि नारिंगी छापून हमखास मळका येतो. हातानं काढलेल्या चित्रावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर जीएसटीची भानगड मुळात तुमच्यापर्यंत येत नाही. गूगलवरचा कुणाचा तरी फोटो जसाच्या तसा गिरवून ते चित्र विकू नये. फोटोवर काढणाऱ्याचा हक्क असतो. बारव आणि गोदाकाठ आपल्याच जिल्ह्यात आहेत, स्वतःचा फोटो काढायला बसभाड्यापलीकडे खर्च नाही.

एक खर्च कुणी धरत नाही, तो साठवणीचा. प्रोक्रिएटमधली चित्रं त्या ॲपच्या आतच राहतात. ॲप उडवलं की चित्रंही गेली. म्हणून दर आठवड्याला महत्त्वाच्या फाइल पीएसडी स्वरूपात बाहेर काढून पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवाव्यात. गूगलचे १५ जीबी फुकट. त्यात घरच्या लग्नांचे व्हिडिओ भरलेले असतील तर १०० जीबीचं सदस्यत्व महिना १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांना आहे. पाचशे रुपयांचा पेनड्राइव्हही चालतो, फक्त दोन ठेवावेत.

शेवटी पैसे कापले जाण्याबद्दल. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व बंद झालं, असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याखालच्या ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जाऊन ते रद्द करावं लागतं. आयपॅडवर ते सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली असतं. पैसे यूपीआयनं दिले असतील तर फोनपे किंवा गूगल पेच्या ऑटोपे विभागात मँडेट दिसतं, ते तिथूनही बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. चुकून खरेदी झाली असेल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी, नंतर ती ॲपवाल्याच्या मर्जीवर जाते. रद्द करायचं बटणच सापडू नये अशी रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून नोंदलेली अनुचित प्रथा आहे. अशा ॲपची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. पैसे कापल्याचा संदेश आणि सदस्यत्वाच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवूनच फोन लावा.